कॅन्सरच्या उपचारांनंतर नवरा-बायकोतली जवळीक : सिस्टरने कसं विचारावं, काय सांगावं

फॉलो-अपला आलेल्या कुठल्याही पेशंटची फाइल उघडा. भूक, झोप, शौच, लघवी, वजन, हिमोग्लोबिन, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. संबंधांबद्दल एक शब्द नसतो. पेशंट बोलत नाही म्हणून सिस्टर विचारत नाही, आणि सिस्टर विचारत नाही म्हणून पेशंटला वाटतं, हे इथे विचारायचंच नसतं. ही कोंडी पेशंटने फोडावी अशी अपेक्षा ठेवू नका. आधीच घाबरलेल्या माणसाकडून ते होत नाही. ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. ड्रेसिंग, केमोची सुई, कॅथेटर काढणं या निमित्ताने पेशंटच्या अंगाजवळ सगळ्यात जास्त वेळ आपणच असतो. म्हणून विचारायचं आपण, आणि तेही आधी.

इंदूरमध्ये या कामाला आणखी दोन गाठी आहेत. पेशंट बुऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, धार अशा ठिकाणांहून बसने येतात आणि एकटे कधीच येत नाहीत. सोबत सासू, दीर, मेहुणा असतो आणि फाइल त्याच्याच हातात असते. ही पहिली गाठ. दुसरी आपल्या मराठी लोकांची. रामबाग, सुदामानगरकडच्या काकूंना सिस्टर मराठी निघाली की आधी बरं वाटतं. मग लगेच धास्ती वाटते, कारण आपलं जग इथे लहान आहे. आज वॉर्डात बोललेलं उद्या गणपतीच्या मांडवात पोचेल, ही भीती अगदीच खोटी नसते. त्यामुळे मराठी पेशंटला पहिलं वाक्य हेच सांगा : "काकू, इथे बोललेलं माझ्या आणि डॉक्टरांच्या पलीकडे जाणार नाही. तुमच्या घरच्यांनासुद्धा तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही." आणि ते पाळा. चहाच्या टेबलावर नाव न घेता सांगितलेला किस्साही ओळखू येतो.

आधी जागा, मग प्रश्न

पडदा म्हणजे भिंत नव्हे. पलीकडच्या खाटेवरच्या मावशींना सगळं ऐकू जातं. ड्रेसिंगची खोली किंवा तपासणीची खोली गाठा. सोबतच्या माणसाला काम देऊन बाहेर पाठवा : "दादा, तेवढी औषधं खालून घेऊन या, तोवर माझं ड्रेसिंग होतंय." बसून बोला. दारात हात ठेवून विचारलेल्या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देत नाही.

वेळही पाहावी लागते. निदान कळलं त्या दिवशी हा विषय काढण्यात अर्थ नाही. उपचार सुरू होण्याआधी एकदा, रेडिएशन संपताना एकदा आणि पहिल्या फॉलो-अपला पुन्हा, असं तीनदा तरी विचारलंच पाहिजे. पहिल्यांदा "नाही" म्हणणारी बाई तिसऱ्यांदा बोलते.

"काही त्रास नाही ना?" हा प्रश्न नव्हेच. त्याचं उत्तर त्याच्यातच दिलेलं असतं. आधी सांगा, मग विचारा : "वहिनी, या रेडिएशननंतर बऱ्याच जणींना आत कोरडं पडतं, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यावर उपाय आहेत. तुम्हाला असं काही होतंय का?" पुरुष असेल तर : "भाऊ, या ऑपरेशननंतर ताठरता परत यायला वेळ लागतो. तुमच्याशी याबद्दल मी बोलू, की ब्रदरना बोलावू?" निवड त्यांना द्या. पुष्कळ पुरुष सिस्टरशी बोलायला तयार असतात, आपल्यालाच उगाच वाटतं की नसतील.

वय, कुंकू, मंगळसूत्र बघून अंदाज बांधू नका. पासष्टीच्या जोडप्यालाही हा प्रश्न असतो. विधवेला, अविवाहितेला, घरच्यांना न सांगता कोणाबरोबर असलेल्यालाही असतो. "सध्या तुमच्या जवळचं कोणी आहे का?" एवढं पुरे. नाही म्हणाले तर "पुढे कधी वाटलं तर विचारा" म्हणून दार उघडं ठेवा आणि ड्रेसिंगला लागा.

आपण कुठवर जायचं

जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली. प्लिसिट नावाने ती नर्सिंगमध्ये आजही शिकवतात. आधी बोलायची मोकळीक द्यायची. मग आजारापुरती मोजकी माहिती. मग त्या पेशंटपुरता नेमका उपाय. चौथी पायरी म्हणजे सविस्तर लैंगिक किंवा मानसोपचार, आणि ती तज्ज्ञांची. पहिल्या दोन पायऱ्या कुठल्याही सिस्टरला जमल्या पाहिजेत, तिसरी थोड्या सरावाने येते. माझ्या मते बहुतेक पेशंटची गरज दुसऱ्या पायरीवरच भागते. आपल्याला झालंय ते बऱ्याच जणांना होतं, त्यात आपला दोष नाही, एवढं कळलं तरी निम्मं ओझं उतरतं.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि डायलेटर

इथे सावकाश जायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान गप्प राहण्याने इथेच होतं. बाहेरून रेडिएशन आणि आतून ब्रॅकीथेरपी (योनीमार्गात स्रोत ठेवून दिलेलं रेडिएशन) झाली की योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. भिंती एकमेकींना चिकटू शकतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. अंडाशयांवर मारा झाल्याने तरुण बाईची पाळीही कायमची जाते. मग संबंध दुखतात हे तर आहेच, पण पुढे डॉक्टरांना तपासणीही नीट करता येत नाही. म्हणून "आता आम्ही तसे राहतच नाही" म्हणणाऱ्या काकूंनाही डायलेटर, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवण्यासाठी आत घालायची गुळगुळीत नळकांडी, समजावायचा. त्यांना सांगायचं : "कान टोचल्यावर भोक बुजू नये म्हणून काडी घालून ठेवतात ना, तसं हे. तपासणीची वाट उघडी राहायला हवी." लाज निम्मी तिथेच संपते.

सुरुवात रेडिएशन संपल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी, आतली आग शमली की आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच. रेडिएशन चालू असताना नाही. त्या वेळी अस्तर सोललेलं असतं आणि इजा होते.

आधी हातावर दाखवा. डाव्या हाताची मूठ सैल वळा, सगळ्यात लहान आकाराचा डायलेटर जेल लावून त्यात हळूच सरकवा, आणि मग तिच्या हातात द्या. तिने एकदा स्वतः धरला की पुढचं सोपं जातं. मग सांगा : उताणं झोपायचं, गुडघे दुमडून बाजूला सोडायचे. झोपायला जागा नसेल तर बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहिलं तरी चालतं. टोकाला आणि योनीच्या तोंडाशी भरपूर जेल लावायचं. श्वास सोडता सोडता आत न्यायचा, सरळ वर नाही, माकडहाडाच्या दिशेने. अडलं की थांबायचं, दोन-तीन लांब श्वास घ्यायचे, स्नायू सैल झाले तर पुढे, नाहीतर तिथेच. जोर कधीच नाही. ५ ते १० मिनिटं ठेवायचा, हलकेच पुढेमागे आणि गोल फिरवायचा, काढताना सावकाश वळवत काढायचा. आठवड्यातून २-३ वेळा. आधीचा आकार सहज जाऊ लागला की पुढचा. हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नाही. डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत, बहुधा काही वर्षं चालू ठेवायचं.

जेलवर गुलाबीसर डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही. लाल भडक रक्त, दुर्गंधीयुक्त पाणी, ताप, न थांबणारी कळ असेल तर बंद करून यायचं.

वापरल्यावर साबणाने धुऊन, कोरडा करून कापडी पिशवीत ठेवायचा. कुठे ठेवायचा, हेही विचारा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर तो सापडणारच. "सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचं, डॉक्टरांनी दिलेलं व्यायामाचं साधन आहे." खोटं नाहीच ते. मेणबत्ती, घरगुती जुगाड वगैरे चालणार नाही हे स्पष्ट सांगा. साधन मिळत नसेल तर स्वच्छ बोटाने कसं करायचं ते डॉक्टर शिकवतात.

जेलच्या बाबतीत एक घोटाळा

कॅथेटर घालताना आपण वापरतो ती लिग्नोकेन जेली पेशंटने पाहिलेली असते. घरी जाताना नातेवाईक तीच ट्यूब विकत घेतात. ती बधिर करणारी जेली आहे. आत इजा होत असली तरी बाईला कळणार नाही, आणि नवऱ्याचंही अंग बधिर होईल. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर ती नाही. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात भर गर्दीत काउंटरवर उभं राहून बाईने काय मागायचं? म्हणून चिठ्ठीच लिहून द्या : "वॉटर-बेस्ड ल्युब्रिकेटिंग जेल, लिग्नोकेन नसलेलं." चिठ्ठी पुढे केली की तोंड उघडायची गरज पडत नाही.

संबंधाच्या वेळी लावायचं ते ल्युब्रिकंट. कोरडेपणासाठी आठवड्यातून २-३ वेळा, संबंध असोत-नसोत, आत लावायचं ते मॉइश्चरायझर. दोन्ही वेगळी, आणि पुष्कळ जणींना दोन्ही लागतात. खोबरेल तेल वापरणाऱ्यांना एवढंच सांगा, की तेलाने कंडोम फाटतो. सुगंधी साबण आणि आतून धुण्याची औषधं बंद. इस्ट्रोजेनच्या क्रीमने काही जणींना चांगला गुण येतो, पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईने, विशेषतः लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या चालू असताना, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. केमिस्टने दिली म्हणून तर नाहीच.

केमो चालू असताना

औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांतून बाहेर पडतो. केमोनंतर निदान तीन दिवस, काही औषधांना आठवडाभर, कंडोमशिवाय संबंध नको. नेमका अवधी आपल्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे सांगा. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील किंवा पांढऱ्या पेशी खूप उतरल्या असतील तर तेवढे दिवस संबंध टाळायचे. जवळ झोपायला, हात धरायला हरकत नाही.

पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज खोडून काढा. केमोत आणि टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असताना गर्भ राहता कामा नये. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, कंडोम किंवा कॉपर-टी चालते. मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवायची चौकशी उपचार सुरू होण्याआधीच करायची. पहिल्या केमोच्या सकाळी ही आठवण येऊन उपयोग नाही.

पुरुष पेशंट

प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये नसा वाचवल्या तरी ताठरता परत यायला दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. रेडिएशननंतर उलटं होतं, सुरुवातीला सगळं ठीक आणि मग हळूहळू कमी. ग्रंथी काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची संवेदना राहते. हे आधी सांगितलं नसेल तर पेशंट हादरतो. हार्मोन कमी करणाऱ्या इंजेक्शनांनी किंवा दोन्ही वृषण काढल्याने इच्छाच मावळते. हे त्याच्या बायकोलाही कळायला हवं, नाहीतर ती स्वतःला बोल लावून घेते.

उपाय आहेत : गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट. यातलं कुठलं कोणाला, हे युरोलॉजिस्ट ठरवतील. आपण एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची : हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरं कुठलं नायट्रेट घेतोय का? घेत असेल तर ताठरतेची सिल्डेनाफिलसारखी गोळी बिलकूल नाही, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आणि हे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरतं नाही. रेल्वेलाइनलगतच्या भिंतींवर ज्या 'गुप्तरोग' दवाखान्यांच्या जाहिराती असतात, तिथल्या पुड्यांत कधी हीच गोळी कुटून घातलेली असते, कधी पारा-शिशाची भस्मं. म्हणून विचारताना रागावू नका. "आणखी कुठलं औषध घेताय का, देशी, आयुर्वेदिक काहीही?" असं सहज विचारा, म्हणजे पुडी खिशातून बाहेर येते.

तोंडाचा कॅन्सर : जिथे कोणीच विचारत नाही

गुटखा-तंबाखूमुळे आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर. कमरेखालचं काही बिघडलेलं नाही, म्हणून यांना हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मला तर वाटतं, जवळीक सगळ्यात आधी इथेच तुटते. जबडा गेलेला, लाळ गळते, तोंड दोन बोटंही उघडत नाही, बोलणं समजत नाही. चाळिशीतला माणूस, बायको उशाशी बसलेली, आणि तो तोंडावरचा गमछा काढत नाही.

छातीवरची कातडी आणि स्नायू आणून गाल शिवलेला असेल तर पुरुषांत त्या जागी तोंडाच्या आत छातीचे केस उगवतात. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि बायकोसमोर तोंड उघडायची त्याला किळस वाटते. हे होतं, डॉक्टरांकडून ते कापून घेता येतात, एवढं सांगा. तोंडाच्या वासासाठी ग्लासभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, आणि रात्री झोपण्याआधी एकदा नक्की. लाळेसाठी उशीवर टॉवेल. तोंड उघडण्याचे व्यायाम जेवणासाठी असतात तसेच याही कामाचे. गळ्याला भोक असेल तर त्यावर जाळीचं कापड, आणि त्यावर दाब येणार नाही असं झोपणं.

मानेला रेडिएशन झालेल्याची इच्छाच गेली असेल, सतत थकवा असेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी झालीय का बघा. मानेच्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावू शकतो, दर ६ ते १२ महिन्यांनी ही तपासणी करायची असते, आणि कित्येक फाइलींत ती राहून गेलेली असते. मनाचा म्हणून सोडलेला त्रास कधी एका गोळीने जातो.

स्टोमा आणि स्तन, थोडक्यात

स्टोमाची (शौच किंवा लघवीसाठी पोटावर केलेल्या भोकाची) पिशवी आधी रिकामी करायची, कडा दाबून बघायच्या, वर मऊ कापडी खोळ किंवा साडीचा पट्टा. स्टोमाच्या भोकाचा संबंधासाठी वापर कधीही नाही. विचारायला कोणी धजत नाही, म्हणून आपणच सांगायचं. स्तन काढलेल्या बाईने व्रण आधी एकटीने आरशात बघावा, मग हवं तर नवऱ्याला दाखवावा. घाई त्याची नसावी, तिचीही नसावी. हात सुजत असेल तर त्या कुशीवर भार नको.

जोडीदाराला बोलवा, पण तिच्या होकाराने

नवऱ्याच्या मनात दोन शंका असतात आणि तो त्या बोलत नाही. कॅन्सर मला लागेल का? रेडिएशन माझ्यात येईल का? दोन्हींचं उत्तर नाही. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचं किंवा नेहमीच्या ब्रॅकीथेरपीचं शरीरात काही उरत नाही, किरणांचा स्रोत मशीनमध्ये परत जातो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो, पण तो बहुधा वर्षानुवर्षांपूर्वीचा असतो. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. हे वाक्य सासूच्या कानावर गेलं तरी चालेल, फक्त आधी पेशंटला विचारा.

पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीची जुनी पद्धत सांगता येते : पहिले काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत असं ठरवूनच जवळ यायचं. पाठ, केस, हात, पाय. नंतर हळूहळू पुढे. "आज होईल का" ही धास्ती निघून गेली की शरीर सैल पडतं. एका खोलीत मुलं झोपणाऱ्या घरात हे कसं करायचं, असा प्रश्न येतोच. दुपार, मुलं शाळेत, सासूबाई भजनाला, अशी वेळ जोडप्यालाच शोधू द्या. तिला वर राहू द्या म्हणजे किती आत, किती जोरात, ते तिच्या हातात राहतं. दुखत असेल तर कुशीवर. थकवा सकाळी कमी असतो, दुखण्याची गोळी असेल तर अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची.

आणि नवरा जबरदस्ती करत असेल तर? मग हा जेल-डायलेटरचा विषय राहत नाही. घरगुती हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात लैंगिक छळही येतो. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, आणि वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र). नवऱ्याला समोर बसवून समजूत काढायला जाऊ नका, घरी गेल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते. एकटीशी बोला, वॉर्डाच्या समाजसेविकेला सांगा. उदासी गडद असेल, जगण्यात रस नाही असं कोणी म्हणालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे आणखी काही : संबंधानंतर नव्याने सुरू झालेलं रक्त, योनीतून लघवी किंवा शौच येणं, केमोत १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा वर ताप, छातीत दुखणं. नवं रक्त कोरडेपणाचं असू शकतं, पण ते आपण ठरवायचं नाही.

फाइलमध्ये काय लिहायचं

फाइल दीर वाचतो, हे सुरुवातीलाच म्हटलं. त्यामुळे तपशील नको. "लैंगिक आरोग्य : चर्चा झाली, माहिती दिली, साधन शिकवलं, पुनर्भेट" एवढं पुरे. "लैंगिक" हा शब्दही पेशंटला नको असेल तर युनिटमध्ये एखादी खूण ठरवून घ्या, मात्र ती पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला आणि डॉक्टरांना माहीत हवी. सविस्तर नोंद वॉर्डात राहणाऱ्या कागदावर. जाताना तिच्या हातात औषधांच्या चिठ्ठीसोबत जेलची चिठ्ठी, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांच्या आतली. रेडिएशनच्या तपासणीची तारीख असेल तर तीच धरा, म्हणजे बुऱ्हाणपूरहून वेगळं बसभाडं पडत नाही आणि घरी कारणही सांगावं लागत नाही.